कांताबाईंचा नेम

दे ती जंताची गोळी इकडं, चारते मी नातीला — चावून खायाची न्हवं? शाळंतनं आली की आरोहीला समोर बसवून खायाला लावते. आणि ते 'जंताला नुसत्या लसणावर भागवू नका' म्हणून दारोदार सांगतीस ते सांग, पर मला नको सांगूस पूर्णिमा — जैनाचं घर हाय हे, लसूण कुठला आमच्यात? लग्नात सासूबाईंनी हातात नारळ देऊन नेम घ्यायला लावला, तवापासनं ह्या उंबऱ्याच्या आत लसणाची पाकळी आली न्हाय. एकदाच आलती. बस की गं — आशाताई झालीस म्हणून उभ्या उभ्या जायाचं असतंय व्हय? हे नवं लुगडं व्हय — आज बस्तीत, आमच्या जैनाच्या देवळात, मुनी महाराजांपुढं दोघांनी जोडीनं नेम घ्यायचा हाय, मरेपतोर कांदा-लसूण बंद. आमच्या ह्यांचीच हौस, निपाणीभर सांगून आल्यात. मी जाणार का न्हाय, ते माझं मलाच ठरंना झालंय.

का म्हणजे? आमची लेक सौम्या ल्हान हुती तवाचं सांगते — झोपंत दात खायाची, पोट फुगलेलं, हातापायाच्या नुसत्या काड्या. जंतच, दुसरं काय. चिकोडीकडनं माझी आई आली, वाटीत तुपात तळलेला लसूण, वर गूळ — माझ्या माहेरी चालायचा, औषधाला तर चालायचाच. ह्यांनी ती वाटी उचलली आणि उकिरड्यावर फेकली. आईला म्हणाले, पोर गेली तरी चालंल, नेम मोडायचा न्हाय. आईच्या मांडीवरच हुती पोर. आई तशीच उठली, यष्टीला गेली, परत ह्या घरात तिनं पाय ठेवला न्हाय, आणि मला ह्यांनी माहेरला धाडलं न्हाय. तिचं तोंड बघितलं ते मेल्यावरच. व्हय, सौम्या डॉक्टरच्या औषधानं बरी झाली, लसणानं झाली असती असं कुठं म्हणतेय मी? ते तू जाण.

काल भावकू आलता — मळ्यातला आमचा जुना गडी, तंबाखूच्या रानात ह्यांच्यासंगं जन्म काढला त्यानं. कट्ट्यावर चहा पीत बसला, मनाचा साफ माणूस, बोलता बोलता म्हणतोय कसा — आक्का, नेम घेतल्यावर आण्णांचं दुपारचं अवघडच की वो, आमच्या हिच्या लसणाच्या ठेच्याबिगर त्यास्नी मळ्यात भाकरी गेली न्हाय कवा. मी हसले. हसत हसतच इचारलं, कवापासनं रं? म्हणाला, मी कामाला लागलो तवापासनं. तो लागला तवा सौम्या पोटातबी न्हवती. आणि ऐक फुडं — आण्णाच सांगायचे म्हणे, भावकू, लसूण खाल्ला की पोटात किडा टिकत न्हाय, अंगात जोर ऱ्हातोय. माझ्या आईचंच बोलणं की गं ते, जसंच्या तसं. कोरोनात अख्खी गल्ली तापानं पडली, हे तेवढे ठणठणीत — बस्तीत सगळी म्हणाली नेमाचं पुण्य, मीबी म्हटलं, सुनंला दाखला दिला.

वास? — यायचा. आता खोटं कशाला बोलू. मळ्यातनं आले की आधी आंघोळ, मग बडीशेप, तरी जवळ आले की यायचा. मला वाटायचं माझंच मन वढाळ, माहेरच्या चुलीपाशी घोटाळतंय, नेम घेऊनबी वासना सुटंना. म्हणून मी उपास धरायची — अष्टमीला, चतुर्दशीला, नुसत्या पाण्यावर. हे बघायचे. कौतुकानं म्हणायचे, कांता, किती करतीस — आणि बडीशेप चघळायचे. त्यांनी खाल्लेल्या लसणापायी पोट मी जाळलं माझं. खाल्ला त्याचं न्हाय वाटत गं, सांगितलं असतं तर मीच वाटून दिला असता. पर माझ्या आईला दारातनं घालवली, आणि दुसऱ्या दिवशी मळ्यात जाऊन —

गप. आले बघ.

व्हय वो, घरातच हाय. पूर्णिमा आलीया, आरोहीची गोळी द्यायला. तयार हाय मी, पर येणार न्हाय. न्हाय, बरं हाय मला. माझा नेम मोडलाच न्हाय, मग नवा कशापायी घेऊ? तुम्ही जावा. जोडीला भावकूला न्या.

पूर्णिमा, तू ऊठ आता. जाताना दार वढून घे.