डॉक्टरनी पथ्यच सांगितलं नाय

माझं माहेर मुरबाड तालुक्यातलं, सिद्धगडाच्या पायथ्याचा पाडा, आणि सासर इकडं शहापूरच्या अंगाला, उंबरमाळीच्या अलीकडं, म्हंजे एका डोंगराखालून उठले नि दुसऱ्या डोंगराखाली येऊन बसले, यापलीकडं माझ्या लग्नात काय झालं नाय. बापूस माझा लग्नातला सैपाक करायचा. शेती होतीच, पण आसपास कुणाचं लगीन निघालं की पयला नवरदेव ठरायचा आणि मंग माझा बापूस ठरायचा. त्याच्याकडनं मी शिकले. सासरी आले ती हात हलवत नाय आले, बापसानी भांडी-कुंडी राहू द्या, एक मोठा टोप दिला पितळेचा, अख्ख्या गावाचं वालाचं बिरडं बसंल एवढा, बोलला, हा टोप आणि तुझा हात, कुणापुढं वाकू नको. तर आमच्या गावात कुणाचं पण लगीन असू दे, बिरडं हिराबायचं, असंच होतं.

आता तुमाला आधी एक सांगून ठेवते, मंग पुढचं कळंल. आमच्याकडं औषध आणि पथ्य जोडीनंच येतं. डोंगरातला वैदू पाला देतो तो वांगं नको, आंबट नको, सुकट नको, असं सांगूनच देतो. कावीळ असू दे का मोडलेला हात असू दे, पथ्य हायच. पथ्य सांगितलं म्हंजे माणूस बरा व्हायचा हाय, असं धरायचं. पथ्य कुणाला नसतं, तर ज्याचं काय उरलं नाय त्याला. माझा सासरा खाटेवर पडला तेव्हा डॉक्टर माझ्या मालकांना बाजूला घेऊन बोलले, आता म्हाताऱ्याला जे पायजे ते खाऊ द्या. सासऱ्यानी चिंबोऱ्या मागितल्या, खेकडे हो. मी रस्सा केला, म्हाताऱ्यानी वाटी चाटूनपुसून खाल्ली, बोलला, सूनबाय, तिखट बरोबर हाय, आणि पुढच्या बाजाराला आमी त्याच्या दहाव्याचं सामान आणायला गेलो.

ही नव्वद सालाच्या पुढची गोष्ट, तेव्हा गावात फोन नव्हता. आंघोळ करताना छातीत गाठ लागली. दुखत नव्हती, म्हणून मी पण तिला काय बोलले नाय. मंग ती वाढली, तेव्हा मालकांना सांगितलं, शहापूरला दाखवलं, तिथल्या डॉक्टरणीनी हात लावला आणि लगेच मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात जा बोलली. तिचं तोंड बघूनच मला कळलं का हे काय फोडबिड नाय.

काय सांगू तुमाला त्या दवाखान्याचं. माणसं चांगली होती, मी वाईट बोलणार नाय, त्यांनीच मला वाचवलं. पण बोलायचं म्हटलं का सगळ्यांना गाडी पकडायची असायची. मोठे डॉक्टर सकाळी यायचे, मागं शिकणारी पोरं-पोरी, सगळी माझ्या खाटेभोवती उभी राहायची आणि इंग्रजीत माझ्याबद्दल बोलायची. छाती माझी, आणि मलाच कळत नाय काय चाललंय ते. ऑपरेशन झाल्यावर मी एकदा हात वर केला, शाळेत करतात तसा, का सायब, इचारू का, तर ते बोलले, बाई, हात वर नका करू, टाके हायत. झालं. गेले पुढच्या खाटेला.

काखेतनं एक नळी काढलेली, तिला खाली बाटली. ती कशाला, कुणी सांगितलं नाय. शेजारणीची सलाईनची बाटली वर टांगलेली, मंग मला वाटलं आपली पण वरच पायजे, औषध आत जायाचं असंल, तर मालकांना खाटेवर चढवून ती मी वरच्या दांडीला बांधून घेतली. सिस्टर आली ती किंचाळलीच. अगो, ते आतलं घाण पाणी बाहेर यायला हाय, तू परत आत पाठवतेस काय. मी बोलले, बाय, मला सांगितलं असतं तर मी कशाला टांगली असती. ती बोलली, इचारायचं ना. आता बघा, हात वर केला तर टाके, नाय केला तर इचारायचं ना.

छाती गेली ते मला पट्टी बदलताना कळलं. पूर्ण काढणार हायत, असं मालकांना सांगितलं होतं म्हणे, त्यांनी अंगठा दिला, मला सांगायला त्यांचं तोंड उघडलं नाय. मी त्या दिवशी भिंतीकडं तोंड करून रडले. चार पोरं पाजलेली छाती ती, हो, तिला नुसतं बघून निरोप तरी दिला असता.

घरी सोडायच्या दिवशी डॉक्टर घाईत होते. मालक माझे डॉक्टरसमोर चपला काढून उभे राहणारे, त्यांनी धीर करून इचारलं, सायब, हिला पथ्य काय? डॉक्टर चालता चालताच बोलले, पथ्य काय नाय, जे पायजे ते खाऊ द्या, तपासणीचा रिपोर्ट आला का या दाखवायला. आणि दारातनं गेले. मी आत लुगडं नेसत होते, मला यातलं काय ठाऊक नाय. मला कळलं ते शहापूरच्या एसटी स्टँडवर. आमी बाकावर बसलो होतो आणि मालक माझ्याकडं न बघता बोलले, काय खाशील गो?

लगीन झाल्यापासून ह्या माणसानी मला कधी इचारलं नव्हतं का काय खाशील. मी घालायची आणि ते खायाचे. मी बोलले, डॉक्टरनी पथ्य काय सांगितलं? ते बोलले, भजी आणू? मी पुन्हा इचारलं, पथ्य काय? मंग त्यांनी टोपी काढून तोंडावर धरली. मी समजले. भजी खाल्ली मी, गरम होती, पण ती कशी लागली ते आजपण आठवत नाय.

गावात बातमी आमच्या आधी पोचली. हिराला पथ्य नाय. मंग काय बघता, रोज माणसं. आणि येताना कुणी मोकळ्या हातानी नाय. भाऊ सिद्धगडाकडनं गावठी कोंबडा आणि रानातला मध घेऊन आला. नणंद मुरबाडहून सुकट घेऊन आली. कुणी घावणे, कुणी बोंबलाचा ठेचा, कुणी पुरणपोळ्या. समोर बसायची, मी घास घेतला का डोळ्याला पदर लावायची. आणि खरं सांगू, मी मरायला टेकले होते तरी माझी जीभ मेली नव्हती. नणंदेनी बिरडं केलं ते वाल नीट सोललेच नव्हते. मी दोन घास गिळले आणि बोलले, माई, मी जाते ती जाते, पण तू वाल सोलायला शिक. ती हुंदका देऊन बोलली, शिकेन गो, तुझी शपथ. पुरणात वेलची नाय, कोंबड्याला मीठ नाय, कारण रडत रडत केलेलं. मरणाऱ्या माणसाला निदान चवीचं तरी घाला. मालकांना मी भात करायला शिकवायला घेतला, म्हटलं माझ्यामागं पोरांना काय घालतील, तर त्यांनी तो इतका करपवला का मला आणखी थोडं जगावं वाटायला लागलं.

आता यमुनाचं सांगते. यमुना माझी धाकटी जाऊ, भिंतीला भिंत लागून घर. एका लग्नात आमी दोघी सैपाकाला होतो, डाळीत मीठ मी टाकलं, तिनी पण टाकलं, वऱ्हाड पाणी पिऊन पिऊन फुगलं, आणि ती बोलली तू टाकलंस, मी बोलले तू टाकलंस, तेव्हापासून आमचं बोलणं बंद. काय सांगायचं असलं का म्हशीला सांगायचं, गो म्हशी, कुणाची तरी कोंबडी आमच्या ओट्यावर आली हाय. तर ती यमुना चिंबोऱ्यांचा रस्सा घेऊन माझ्या दारात. आली, बसली, ताई बोलली आणि भोकाड पसरलं. मी एक घास खाल्ला. काय सांगू, तिखट बरोबर, मीठ बरोबर, वाटण बरोबर. सासऱ्यासाठी मी केला होता तसाच. मला रडू फुटलं, आणि त्या भरात मी बोलले, यमुने, तो पितळेचा टोप तू घेऊन जा, माझ्यामागं गावाचं बिरडं तू करायचं. ती नको नको बोलली. पण टोप त्याच दिवशी घेऊन गेली, दोन गडी लावून.

हसता तुमी, हसा, मी पण हसते आता. पण तेव्हा सगळे घरात भरलेले असले तरी मी एकटीच होते. कुणी माझ्यासमोर मरण बोलत नव्हतं आणि मरणाशिवाय दुसरं काय बोलत पण नव्हतं. हात वर करू नका सांगितलेला, म्हणून मी तो जुन्या लुगड्यानी अंगाशी बांधूनच ठेवला होता, तो लाकडासारखा झाला. भात पिवळा पडायला लागला होता, कापणी झाली का मागोमाग वाल पेरायचे, आणि मी रोज तेवढंच मनात धरायची, का मी वालाच्या पेरणीला हाय का नाय. एवढं मला कुणी तरी सांगा. घरात कोण सांगणार, ज्याला ठाऊक तो मुंबईला बसलेला.

रिपोर्ट दाखवायला गेलो. डॉक्टरनी कागद बघितला, पोरांना इंग्रजीत काय तरी सांगितलं, सगळी माना हलवायला लागली, आणि ते उठायला लागले. मी त्यांच्या कोटाची बाही धरली. ह्या चांगल्या हातानी. बोलले, सायब, मला काय इंग्रजी येत नाय, मला एवढंच सांगा, मी वालाच्या पेरणीला हाय का नाय? ते बोलले, म्हणजे? मी बोलले, कधी मरणार मी? ते बोलले, कोण बोललं तुमी मरणार? मी बोलले, तुमीच. तुमी पथ्य नाय सांगितलं. आणि मंग मी सगळं सांगितलं, सासरा, चिंबोऱ्या, नणंदेचं बिरडं, यमुनाचा टोप, थांबलेच नाय. पोरं तोंड दाबून हसत होती. डॉक्टर हसले नाय. त्यांनी स्टूल ओढलं आणि बसले. इतक्या वेळा आले, पण बसलेले मी पयल्यांदाच बघितले. बोलले, बाई, गाठ सगळी निघाली, काखेत पसरलेली नाय, गोळी देतो ती रोज घ्यायची, तपासायला येत राहायचं. उद्याची हमी मी कुणाचीच देत नाय, माझी पण नाय, पण आज तुमच्या अंगात काय दिसत नाय. वाल पेरा. आणि हात सोडा तो, भिंतीवर बोटं चालवत रोज थोडा थोडा वर न्या. मी बोलले, तुमीच बोलले होते वर करू नका. ते बोलले, ते त्या दिवसापुरतं होतं. आता तुमीच बघा, हे तेव्हाच सांगायला काय झालं होतं.

मी पदर तोंडात धरून बसले. पण मालकांचं तोंड अजून उतरलेलंच. ते चपला हातात घेऊन बोलले, सायब, मंग पथ्य? डॉक्टर बोलले, अहो, खरंच काय नाय. हे बोलले, थोडं तरी. डॉक्टरनी माझ्याकडं वरपासून खालपर्यंत बघितलं. इतकं खाऊन मी चांगली गोल झाले होते. बोलले, बरं, वजन वाढलंय, तेलकट बंद, पापड बंद, लोणचं बंद. अहो, आमचे मालक दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसून लहान पोरासारखे रडले, आणि मला बोलले, गो, पापड बंद केला तुझा.

मालक गावात जीपमधनं उतरले तेच ओरडत, पापड बंद हाय, हिराचा पापड बंद हाय. म्हाताऱ्या बायांनी हात जोडले, देव पावला. नणंदेनी नारळ फोडला. मी त्या वर्षी वाल पेरले, एका हातानी पेरले पण पेरले.

राहिला टोप. मी यमुनाकडं गेले, बोलले, यमुने, मी काय जात नाय. ती बोलली, लय बरं झालं ताई, बस, चहा ठेवते. मी बोलले, टोप? ती बोलली, टोप तू दिलास, मी मागितला नव्हता, तू मेली नायस यात माझा काय दोष. पुढच्या लग्नाला आमी दोघी मिळूनच गेलो, टोप तिचा, हात माझा, आणि मीठ फक्त मी टाकायचं असं सगळ्यांसमोर ठरवून घेतलं.

मंग लय वर्षं गेली, गावात मोबाईल आले, पोरं नोकरीला लागली, आणि एक दिवस यमुनाच माझ्याकडं आली आणि माझा हात धरून आपल्या छातीवर ठेवला. गाठ होती. तिचं ऑपरेशन झालं त्याच दवाखान्यात. डॉक्टर आता दुसरे, तरणे, पण घाई तीच. घरी सोडताना यमुनाच्या पोरानी इचारलं पथ्य काय, ते बोलले काय नाय, सगळं चालंल. यमुना खाटेवर बसलेली, तिचं तोंड मी बघितलं. तिला तो टोप आठवला असणार, दुसरं काय. मी डॉक्टरच्या मागं बाहेर गेले. बोलले, सायब, तुमी आत चला, स्टुलावर बसा, आणि तिला तिच्या तोंडावर सांगा का तिला काय झालंय आणि काय नाय झालं. आणि एक पथ्य सांगा. ते बोलले, आजी, पथ्य नसतं यात. मी बोलले, नसू दे, वांगं बंद सांगा, वांगं न खाल्ल्यानी कुणी मेलं नाय. तो डॉक्टर पोरगा आत गेला, स्टूल ओढलं, यमुनाचा हात धरला, सगळं नीट सांगितलं, आणि शेवटाला बोलला, आणि काकू, वांगं अजिबात खायचं नाय. यमुना हमसून हमसून रडली. मंग डोळे पुसून इचारते, सायब, वांग्यात सुकट घातली तर?

हाय ती अजून, तुमी येताना ओट्यावर वाल सोलत बसलेली होती ना, तीच यमुना. वांगं तिला जीव की प्राण, पण आजवर तोंडाला लावलं नाय. मी तिला खरं काय ते सांगितलेलं नाय, आणि तुमी पण हे लिवाल ते तिला वाचून दाखवू नका. माझं तर पापडाचं पथ्य कधीच सुटलं असतं, पण मी पण नाय खात, ताटात कुणी वाढला का बोलते, मला बंद हाय, आणि बोलताना बरं वाटतं. चला, आता जेवून जा, बिरडं केलंय. तुमाला काय पथ्य हाय का? असलं तर सांगा, लाजू नका. असावं माणसाला एखादं.