नागोराव केंद्रे आणि पोळ्याची आरती

थांबवा! टाळ थांबवा जरा. मंडळी, मला एक सांगा – दुसऱ्याच्या घरातलं दुःख आपल्याला कळतं कधी? ते आपल्या उंबऱ्यावर येऊन बसल्याशिवाय कळतच नाही का? माना डोलवू नका, उत्तर द्या! नाही देत? मग ऐका.

कंधारकडच्या माळावर नागोराव केंद्रे नावाचा गुराखी होता. लाल कंधारी गाईंचा मोठा कळप त्याचा. पहाटे काकडा म्हणतच धार काढायचा. एखाद दिवशी हा गप्प असला, तर गाई पान्हा सोडत नसत म्हणे! आपल्या घरी आपण बोललो तरी कुणी चहा देत नाही. (हसा, आत्ताच हसा. पुढं हसायला जागा नाही.)

थोरला भाऊ गेला; भावजयीला मानानं वागवलं, तीही गेल्यावर तिचा पोरगा बळीराम नागोरावानं छातीशी धरून वाढवला. स्वतःचा मुलगा व्यंकट आणि बळीराम, दोघांना एकाच ताटात जेवू घातलं. बायको लवकर गेली. मग घर सांभाळलं व्यंकटच्या बायकोनं, सुगंधानं. अडलेली गाय असो की तापलेलं लेकरू, हाक तिलाच!

त्या गावात पोळ्याचा पहिला मान नागोरावाच्या बैलांचा. मारुतीच्या पारापाशी तोरणाखाली जोडी उभी राहायची आणि सुगंधा ओवाळायची.

एका हिवाळ्यात व्यंकटला माळावर पान लागलं, नाग डसला. घरी आणेपर्यंत संपला. तरणाताठा पोरगा!

पुढं पोळा आला. नागोराव म्हणाला, "सुगंधा, ताट घे."

ती म्हणाली, "मामंजी, मी? लोक काय म्हणतील?"

"तुझ्या अडलेल्या गाई लोकांनी सोडवल्या का गं?"

निघाली बिचारी. तोरणाजवळ पोचते न पोचते तोच पाटील आडवा आला – "नागोराव, विधवेच्या हातानं आरती? गावावर अरिष्ट आणता का?"

"पाटील, मागल्या पोळ्याला हेच हात तुम्हाला चालले. यंदा काय झालं हातांना?"

आहे उत्तर? तुमच्याकडं आहे?

बळीराम कानाशी आला, "तात्या, एवढ्यासाठी मान घालवायचा का? माझी बायको ओवाळील."

म्हातारा कडाडला, "तुझी आई रांडावली तेव्हा तिला मी कोपऱ्यात बसवलं होतं का रे? बस झालं! बैल फिरवा!"

फिरवले, मंडळी! सगळ्या गावासमोर मानाची जोडी माघारी फिरली. गोठ्यापुढच्या लिंबाखाली पोळा झाला. सुगंधानं ओवाळलं, तेव्हा डोळ्यांना पदर लावून पहिला पाया पडला तो बळीराम!

गावानं काय केलं? बारशाला बोलावणं नाही, लग्नाला अक्षत नाही. पण नागोराव मारुतीला जायचा म्हणजे जायचाच. पायरीवर डोकं ठेवून म्हणायचा, "देवा, माझं भांडण तुझ्याशी नाही. तुझ्या दारावर बसलेल्यांशी आहे."

वर्षं गेली, दर पोळा लिंबाखालीच झाला. म्हातारा नव्वदीला टेकला, सुगंधाचे केस पिकले. आणि पाटलाची लेक कलावती, ऐन उमेदीत नवरा गमावून माहेरी आली.

पोळ्याच्या सकाळी पाटील गोठ्याच्या दारात उभा. मागं मान खाली घालून लेक.

"तात्या, हिला इथं ओवाळू द्याल?"

काय वाटतं, नागोरावानं मिठी मारली? छट्! म्हणाला, "पोरी, तू आत ये. हे घर तुझं. पाटील, तुम्ही बाहेर थांबा!"

सुगंधानं कलावतीला जवळ घेतलं, आपल्या हातातलं ताट तिच्या हातात दिलं. पोरगी हमसून हमसून रडली. आणि बाहेर उन्हात उभ्या पाटलाला म्हातारा म्हणाला, "लेकीचं तोंड लपवायला माझा गोठा शोधला? जा, तोरणाखाली उभं राहून गावाला सांगा, मी चुकलो!"

नाही सांगितलं. त्या वर्षी जीभ रेटली नाही. वर्षभर लेकीचं उतरलेलं तोंड बघितलं, तेव्हा पुढच्या पोळ्याला पारावर चढून सांगितलं. सुगंधा आणि कलावती, दोघींनी मिळून ओवाळलं. जोडी तोरणाखालून गेली. लोक म्हणाले, गावानं सुगंधाबाईला मोठा मान दिला!

मान दिला? अरे, हिसकावलेलं परत केलं! आणि मधली वर्षं? ती कोण परत देणार? तिचं काळ्या केसांचं वय कोण देणार?

त्याच साली थंडीत नागोराव गेला. उशाशी बळीराम, सुगंधाच्या मांडीवर डोकं, ओठांवर काकडा. दावणीच्या गाईंनी त्या सकाळी वैरणीला तोंड लावलं नाही.

आता डोळे पुसू नका! माझ्याकडं बघा! आज या मंडपात आल्यापासून मी बघतोय. पुढं बसल्यात भरल्या कपाळाच्या. आणि तिकडं चुलीपाशी, धुरात, पहाटेपासून तुमच्या पंगतीच्या पोळ्या लाटतायत त्या मोकळ्या कपाळाच्या कोण? त्यांच्या हातची पोळी देवाला चालते, आरती चालत नाही?

आरतीची वेळ झालीय. ताट हे इथं माझ्याजवळ आहे. त्या बाया हात धुऊन येईपर्यंत मी वात पेटवणार नाही. कुणाला अडचण असेल तर उठा, चपला बाहेरच आहेत.

कुणी उठत नाही ना? मग बसलात काय? जा, बोलवा त्यांना!