उन्हातला ताण

निपाणी स्टँडवर मी बेळगावच्या बसला थांबलो होतो. शेजारच्या बाकावर विद्यापीठातली दोघं बोलत होती. एक मानसशास्त्राच्या बाई, दुसरा आकडेवारी बघणारा तरुण.

"भरमा, आपल्या पाहणीत विडी वळणाऱ्या सगळ्या बायकांचं एकच उत्तर कसं? 'ताण जाणवतो का?' तर 'व्हय, उन्हात लई.' 'मग काय करता?' 'पानी पितो.'"

"मॅडम, घोटाळा झाला. आमच्याकडं तहानेला तान म्हनत्यात."

"आणि हे आत्ता सांगतोस?"

"मी नुसते आकडेच बघत बसलतो."

"उद्या अहवालात जाईल, बायका सुखात आहेत, फक्त पाण्याची सोय करा. समुपदेशक कोण देणार मग?"

"अहवाल सोमवारी द्यायचाय, मॅडम."

"देणार नाही. सगळ्यांना परत विचारायचं. तुझी आई काय म्हणते, मन खचलं की?"

"जीवाला घोर लागलाय, म्हनती."

"तेच विचारू."

"बस आली आपली."

"जाऊ दे. त्या विड्यांच्या टोपलीवाल्या आक्कांना विचारून बघ."

"आक्का, विडी वळता न्हवं? जीवाला घोर लागतो का वो कधी?"

आक्कांनी टोपली खाली ठेवली.

"आक्का, तुमची बस सुटंल."

"सुटू दे. सरक जरा, बसू दे. कुठनं सांगू?"