सासूबाईंचं पथ्य आणि माझी थकान

माझं माहेर आर्वीकडचं, वर्धा जिल्ह्यातलं. लग्न झालं तेव्हा यजमान इथं भोपाळला सरकारी ऑफिसात बाबू होते, म्हणून आले आणि इथलीच झाले. नेहरू नगरात घर, पुढच्या खोलीत माझी मशीन. ब्लाऊज शिवते मी. शाहपुऱ्याहून, कोलार रोडवरून बाया येतात, म्हणतात भाभी, फिटिंग तो आपकीच. बढाई नाही मारत बाप्पा, पण दिवाळीच्या दिवसांत मी सकाळी मशीनवर बसले की दिवेलागणीलाच उठायची, उठून स्वैपाकाला लागायची, आणि तरी थकणं कशाला म्हणतात ते मला ठाऊकच नव्हतं.

मग छातीत गाठ निघाली, कॅन्सरची. ऑपरेशन झालं, ते निभावलं. किमो सुरू झाली आणि ही थकान आली. काय सांगू तुम्हाला, ही आपली नेहमीची थकान नाही हो. नेहमीची झोपलं की जाते, ही झोपून उठलं तरी तिथंच. आंघोळीचा तांब्या उचलला की धाप लागायची. मशीनवर बसले तर पायडल हलेना. पाय दुखत नव्हते बरं का, नुसते दाबतच नव्हते.

सासूबाई आमच्याकडेच असतात, ऐंशीच्या घरात आहेत. त्यांनी मला बाळंतिणीसारखं पलंगावर ठेवलं. उठू नको, पाणी हातात, ताट हातात. आणि पथ्य, काय विचारू नका. मऊ भात, मुगाचं वरचं पाणी, साबुदाण्याची खीर. तुरीच्या वरणानं पित्त होतं, पालेभाजी जड, हरभरा वातूळ. त्यांच्या सासूनं त्यांना असंच जपलं होतं, प्रेमच की ते. माझ्याही तोंडाला चव नव्हती, मला बरंच वाटायचं, खावं लागत नाही म्हणून.

आणि बायका यायच्या, मराठी मंडळातल्या, धीर द्यायला. मन खंबीर ठेवा वहिनी, मन खंबीर असलं की शरीर आपोआप उठतं. सासूबाई देवापुढं हात जोडायच्या, माझ्या सुनेला हिंमत दे. मी पडल्या पडल्या ऐकायची, मनाशी म्हणायची, म्हणजे मी उठत नाही ते मनानं हरले म्हणून का? पुढची किमो अशक्तपणापायी लांबली, तर यजमान, जे कधी जास्त बोलत नाहीत, ते म्हणाले, उरलेल्या नको असतील तर नको घेऊ, पण मला सोडून जायचं मनात आणू नको. फार लागलं मला ते. मला जगायचं होतं हो. पण सगळे म्हणतात तर असेलही, माझं मनच आतून सोडून देत असेल, असं मलाही वाटायला लागलं.

दवाखान्यात त्या वेळी एक नवीन डॉक्टरीणबाई होती, तरुण. मी तिला म्हटलं, मॅडम, मेरी हिम्मत टूट गयी. तिनं माझी खालची पापणी ओढून पाहिली, नखं पाहिली, रक्त तपासायला लावलं. रिपोर्ट आल्यावर म्हणाली, दीदी, हिम्मत नहीं टूटी, खून कम है. मग नीट समजावलं. हे किमोचं औषध गाठीवर चालतं तसं हाडाच्या आत जिथं रक्त तयार होतं तिथंही मार देतं. रक्त कमी तर अंगाला प्राणवायू कमी. त्यात डाळ नाही, अंडं नाही, मग अंगाचं मांस झडतं. दिवसभर पडून राहिलं की पायातली होती ती ताकदही जाते, आणि रात्रीची झोप जाते ती वेगळीच. म्हणजे एकात एक सगळं अडकलेलं. मी तिथंच रडायला लागले. यजमान घाबरले. मी म्हटलं, अहो, दुःखानं नाही रडत, माझं रक्त कमी आहे, ऐकलं ना, नुसतं रक्त कमी आहे.

रक्त चढवलं. घरी आल्यावर सासूबाईंना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, म्हणजे मीच तुला उपाशी ठेवलं का गं? मी त्यांचा हात धरला, म्हटलं, आई, तुम्हाला कोणी सांगितलं नव्हतं, मला तरी कुठं कोणी सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी ताटात घट्ट वरण, पालकाची भाजी, वर लिंबू. आणि आमच्या घरात अंडं कधी शिरलं नव्हतं, ते त्यांनी स्वतः उकडलं, नाकाला पदर लावून. सोलून दिलं, पण मी खाईपर्यंत भिंतीकडं तोंड करून बसल्या.

उरलेल्या किमो पुऱ्या झाल्या. थकान अजून आहे, खोटं कशाला बोलू. थोडं शिवते, आडवी होते, परत शिवते. डॉक्टरीण म्हणाली रोज थोडं चाला, तर संध्याकाळी आम्ही सासूसुना कॉलनीत निघतो. परवा जरा लांब गेलो. माझे पाय लटपटायला लागले, पण मी बोलले नाही, म्हटलं परत त्यांना काळजी. तेवढ्यात सासूबाईच एका बाकावर टेकल्या. बस गं, म्हणाल्या, मी दमले. मी पाहिलं त्यांच्याकडं, श्वास अगदी संथ चालला होता, कपाळावर घामाचा थेंब नाही. मी शेजारी बसले आणि म्हटलं, बसा आई, तुमचं आता वय झालं.