मागचं रान पेरलं का?

नाही, परत मोजा. ती दाणे मोजायची तारेची चौकट तुम्ही मुद्दाम बांधाकडेला टाकलीत, तिथे बी दाट पडतंच — ट्रॅक्टर वळवताना एक ओळ दुसरीवर चढते, हे कुठल्याही शेतात बघा, तुमच्या वडिलांच्या शेतातही बघा. मधोमध टाका. इथे. हां, माझ्या बुटापाशी. मोजा की! — मी कुठे आवाज चढवतेय? माझा आवाजच असा आहे. आजोबा म्हणतात, नेरिसाला कुजबुजायला सांगितलं तरी चर्चच्या शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जातं. किती झाले? — किती म्हणालात? तिप्पट? शक्यच नाही. तुम्ही टरफलंसुद्धा मोजताय. सरका जरा, मी मोजते.

हे बघा टॉलिव्हरसाहेब, शिकार खात्याचे असलात तरी तुम्ही या भागात नवीन आहात. तुमच्या आधीचे साहेब दर वर्षी उद्याच्या दिवशी इथे यायचे, परवाने बघायचे, आजोबांनी भाजलेलं डुक्कर पोटभर खायचे आणि एक ताट बायकोसाठी झाकून घेऊन जायचे. बेचाळीस वर्षं होला पाखरांच्या शिकारीचा पहिला दिवस माझ्या आजोबांच्या, ओडेल गॅडिसच्या रानातच होतो. अर्धं चर्च येतं. आणि बेचाळीस वर्षांत एकदाही, एकदाही कोणी म्हटलेलं नाही की ओडेल गॅडिसनं पाखरांना आमिष टाकलं. — हो हो, माहितीय मला! पेरणं वेगळं आणि आमिष टाकणं वेगळं. तुमचं ते नियमांचं पुस्तक मला पाठ आहे. ठरल्या मापानं एकदा पेरलं तर ते शेत, आणि त्याच रानात तेच बी पुन्हा पुन्हा टाकलं की ते आमिष, आणि त्याच्यावर बंदूक उचलली की गुन्हा. बरोबर? मग! एवढं माहिती आहे म्हणून तर हे यंत्र घेतलं.

कसलं यंत्र म्हणजे? तेच, पेरायचं. तुम्हाला वाटतं आम्ही अजून गळ्यात पिशवी अडकवून मुठीनं बी फोकतो? आजोबा फोकायचे म्हणा, माझ्या लहानपणापर्यंत. मग त्यांनी ते ट्रॅक्टरच्या मागे लावायचं गरगर फिरणारं आणलं, खाली चकती असते आणि ती चहूकडे बी उडवते, ते. त्या यंत्रानं मला वेड लावायचं बाकी ठेवलं होतं! वारा आला की अर्धा गहू रस्त्यावर. आणि त्याचं माप ट्रॅक्टरच्या वेगावर — हळू गेलात तर दाट, जोरात गेलात तर विरळ. आता आजोबा कसे चालवतात? मनाला येईल तसे! ओळखीचं कोणी दिसलं की थांबणार, हात करणार, आणि मागे चकती आपली फिरतेच आहे. मी कॉलेजातून शेतीशास्त्र शिकून आले, पहिल्याच आठवड्यात सांगितलं — आजोबा, हे विकायचं. ते म्हणाले, अगं, ते माझ्या हातासारखं फेकतं. मी म्हटलं, तोच तर त्रास आहे.

तीन महिने भांडलो. खरंच तीन महिने, जेवताना, गाडीत, चर्चच्या पायऱ्यांवर. या वयाच्या माणसांचं काय असतं ना साहेब, त्यांना ऐकायचंच नसतं. तुम्ही बरोबर असलात की ते हसतात. आकडे दाखवले की म्हणतात, तुझी आजी पण अशीच होती. शेवटी मी जिंकले. चाकावर चालणारं घेतलं — चाक जेवढं फिरेल तेवढंच बी पडणार, ट्रॅक्टर रांगो नाही तर धावो. उडवणं नाही, खाली सरळ जमिनीवर सोडतं, मागून रूळ येतो आणि दाबून टाकतो. मी मोठा कॅनव्हास अंथरून शंभर फूट चालवलं, पडलेलं बी गोळा करून वजन केलं, पुन्हा चालवलं, पुन्हा वजन केलं. सात वेळा. आणि बी सोडायची झडप जिथे बरोबर बसली तिथे लाल रंगानं रेघ मारली, बोटभर जाड, म्हणजे चष्मा नसला तरी दिसावी. यंत्रच असं निवडलं की माणूस चुकला तरी यंत्र चुकणार नाही. मग आता सांगा, तिप्पट दाणे कुठून येतील?

काय? झडप हलली असेल म्हणताय? चला, दाखवते. शेडमध्येच आहे. — नाही, आजोबा घरात आहेत, झोपलेत जेवून. त्यांना उठवायचं नाही. जे विचारायचं ते मला विचारा. चला ना!

— हातात काय आहे तुमच्या? दाखवा. हं. गहूच आहे की. हा बोटभर उगवलेला, हा नुकता मोड आलेला, आणि हा — हा कोरडा. त्यात काय एवढं? एकाच रानात ओल सगळीकडे सारखी नसते. एखादा दाणा खोल जातो, एखादा ढेकळावर राहतो. माझा चौथ्या सत्राचा प्रकल्पच होता यावर. तीन वयाचे दाणे म्हणजे तीन पेरण्या असं लगेच — असं नाही म्हणता येत. म्हणजे म्हणता येतं, पण आणखी पुरावा पाहिजे.

डोकं सांभाळा, दार खाली आहे. ही बघा झडप. ही रेघ. केसाइतकी तरी सरकलीय का? फोटो काढा, काढाच. आणि पोती मोजा. मागचं रान सहा एकर, एकरी दोन पोती, म्हणजे बारा पोती गेली. ती पलीकडची थप्पी गुरांच्या हिवाळी चाऱ्यासाठी आणलेल्या गव्हाची आहे, तिला कोणी हात लावलेला नाही, माझ्या खांद्याएवढी — 

ही खांद्याएवढी होती.

थांबा. एक मिनिट. बोलू नका.

— ही बघा, ही रिकामी पोती. घडी घातलेली. आजी अशी घडी घालायची, कडा आत दुमडून, म्हणून आजोबापण तशीच घालतात. दहा... वीस... बावीस, चोवीस... छत्तीस. छत्तीस आहेत.

अहो, तुम्ही मला सांगा, लबाडी करणारा माणूस रिकामी पोती घड्या घालून दारात ठेवतो का? तो जाळेल! पुरून टाकेल! रात्री ओढ्यात फेकून येईल! तुम्ही आयुष्यभर चोर पकडलेत ना, एकानं तरी असा पुरावा इस्त्री केल्यासारखा रचून ठेवला होता? — मग! मग यावरून काय ते समजा ना तुम्ही. मला कशाला बोलायला लावताय?

नाही. त्यांना काही झालेलं नाही. तब्येत माझ्यापेक्षा चांगली आहे त्यांची. त्या दिवशी सकाळी मला दोनदा कॉफी आणून दिली — पहिला कप अजून हातात, तर दुसरा. मी म्हटलं, मला काय रात्रभर जागवायचंय? हसलो दोघं. गेल्या रविवारी चर्चच्या जेवणात प्रार्थना म्हणाले, तिथले डीकन आहेत ना ते, आमेन झालं, माणसांनी चमचे उचलले, तर पुन्हा पहिल्यापासून. सगळ्यांना वाटलं गंमत करताहेत. डीकन गॅडिसना आज भूक कमी आणि देव जास्त, असं कोणीतरी म्हणालंसुद्धा. मीपण हसले. — वय झालं की होतं थोडं. तिकडे शहरात, बर्मिंगहॅमला, आईला मी हे सांगितलेलं नाही. का म्हणजे? सांगितलं की ती दुसऱ्या दिवशी येणार, ट्रॅक्टरची किल्ली काढून घेणार, बंदुकांची काढून घेणार, आणि आजोबांना तिच्या त्या तिसऱ्या मजल्यावर नेऊन खिडकीत बसवणार. खिडकीतून काय दिसतं माहितीय? गाड्या लावायची जागा.

तर आता तुमच्याकडे दोनच रकाने आहेत, नाही का? एक, ओडेल गॅडिस लबाड आहे. बेचाळीस वर्षांची अब्रू गेली, उद्या शिकारीला येणाऱ्या चाळीस माणसांसमोर तुम्ही त्यांच्या हातात गुन्ह्याचा कागद देणार. आणि दुसरा — दुसरा जो आहे तो मी भरायचा. माझ्या तोंडानं. बरं, आणि त्यांना विचारलंत ना, तर ते पहिलाच निवडतील. मी लिहून देते. हो साहेब, मीच टाकलं, जाणूनबुजून टाकलं, असं ताठ मानेनं म्हणतील. लबाड ठरलेलं परवडेल त्यांना.

पण ते विचारत होते हो! तेच तर — ते विचारत होते. विसरतोय हे त्यांना कळत होतं, म्हणून विचारत होते. पहिली पेरणी झाली, ती आम्ही दोघांनी मिळून केली, मी मागे चालत होते. दोन दिवसांनी नाश्त्याला म्हणाले, नेरी, मागचं रान पेरलं का आपण? मी म्हटलं, पेरलं की. दहा वाजता परत. नेरी, मागचं रान पेरलं का? मी म्हटलं, आजोबा, आत्ताच सांगितलं. दुपारी माझी फोनवर मुलाखत होती, नोकरीची, मोठी नोकरी होती, तिकडचा माणूस काहीतरी विचारतोय आणि हे दारात टोपी हातात घेऊन उभे — नेरी, मागचं रान... मी फोनवर हात ठेवला आणि ओरडले. म्हटलं, हा प्रश्न मला पुन्हा विचारायचा नाही! कधीच नाही! एकदासुद्धा नाही!

बरं बाई, म्हणाले. टोपी घातली आणि गेले.

आणि शब्दाचा पक्का माणूस आहे ना. पुन्हा विचारलंच नाही. मला वाटलं, चला, सुटले. एकदा कडक बोललं की कळतं म्हाताऱ्यांना, असं मी मैत्रिणीला सांगितलं. सांगितलं! — विचारायची सोय नाही, तर माणूस काय करणार? पेरून टाकणार. राहिलं असेल तर पंचाईत नको, शिकारीचा दिवस जवळ आलाय, माणसं येणार, पाखरं आली पाहिजेत. तो गेला आणि पेरून आला. आणि परत गेला आणि पेरून आला. मी ट्रॅक्टरचा आवाज ऐकला नाही का? ऐकला. दोन्ही वेळा ऐकला. म्हटलं, बरं झालं, कामात आहेत, माझ्यामागे नाहीत. झडप लाल रेघेवर, वेग कसाही, माप अगदी अचूक. प्रत्येक वेळी अचूक! असं यंत्र निवडलंय मी.

रुमाल ठेवा तो. मी रडत नाहीये, धूळ आहे इथे.

लिहा. काढा ते गुन्हे लिहायचं पुस्तक आणि लिहा. नाव — नेरिसा गॅडिस. यंत्र माझं, माप माझं, रेघ माझी. रान कोणाच्या नावावर आहे ते विचारू नका, पेरलं कोणी ते विचारू नका, मी सांगतेय ते लिहा. उद्या इथे एकही बंदूक वाजणार नाही, चाळीस जणांना मी आत्ता फोन करते. डुक्कर भाजायला घातलंय ते खायला या म्हणते, बंदुका घरी ठेवा म्हणते. कारण? कारण काय, सांगेन, नेरिसानं घोळ घातला. सगळ्यांना पटेल. कॉलेजात शिकलेली पोरगी, पहिल्याच वर्षी आजोबांच्या रानाची वाट लावली — किती आवडेल त्यांना! वर्षभर पुरेल. — असं लिहिता येत नाही म्हणजे? तुम्हाला खरं पाहिजे? मग खरं हेच आहे, अजून कसं सांगू? विचारू नका असं कोण म्हणालं होतं, ते लिहायला रकाना आहे का तुमच्या पुस्तकात?

— थांबा. ऐकलंत?

ट्रॅक्टर. — नाही, झोपले होते, मी स्वतः पांघरूण... दुसरं यंत्र. ते जुनं, चकतीचं. विकलं नव्हतं का ते? विकलं असं म्हणाले होते मला. ओट्यामागनं येताहेत. आणि वर काय भरलंय ते — आजोबा! आजोबा, थांबा! बंद करा! बंद! — साहेब, तुम्ही हलू नका. एक अक्षर बोलू नका. मी हात जोडते. — काही नाही, आजोबा! पाहुणे आहेत! शिकार खात्याचे नवे साहेब, उद्याचं आमंत्रण घ्यायला आले होते. — काय? ऐकू आलं नाही, इंजिन बंद करा आधी. हां. बोला.

काय म्हणत होता? काही नाही कसं, तोंड उघडलं होतंत तुम्ही. — नाही. नाही, मी नाही रागावणार. विचारा.

...

पेरलं, आजोबा. हो. आपण दोघांनी पेरलं, मी मागे चालत होते. छान झालंय. उगवलंयसुद्धा. — हो, खरंच. उतरा आता खाली, हात द्या. — परत विचारलंत तर परत सांगेन. कितीही वेळा.

आणि साहेब, ती काढलेली टोपी घाला डोक्यावर. इथे कोणी मेलेलं नाही. फाटक लावून घ्या जाताना.