पऱ्हाटी एकच, चुली दोन

संग्रामपूरच्या बसस्टँडवर माझ्या मागच्या बाकावर एक कापूसवाला शेतकरी आणि त्याच्या वावरात कामाला जाणारी बाई बोलत होते.

“तानुबाई, यंदा कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्या सरपणाले नेऊ नोको. कारखान्याले देऊन राह्यलो.”

“कारखाना काय करते त्यायचं?”

“कोळशाऐवजी जाळते. सरकारचंच सांगणं हाय. हवा चांगली राह्यते म्हणे.”

“अन् म्या चुलीत जाळल्या तं?”

“चुलीच्या धुरानं हवा खराब होते. म्हणून तं सरकारनं तुले गॅस देला.”

“पऱ्हाटी तं तीच हाय, किसनभाऊ. हवेले काय समजते, धूर कोनाचा हाय ते?”

“मले काय माईत? तू सोमवारी पऱ्हाट्या उपटाले ये, दरसालासारखी.”

“दरसाली सरपणाच्या बदल्यात उपटणं होतं, भाऊ. यंदा उपटाले कारखान्यालेच बलाव.”