सुनंदामावशीच्या वहीतली रेड ग्रेव्ही

श्रीधरकाका, अदिती, आणि इथे जमलेल्या सगळ्यांनो,

एरवी शुगर लँडच्या या हॉलमध्ये आपण भेटतो ते गणपतीला, नाहीतर संक्रांतीला. आज का आलोय, ते अजून माझ्या डोक्यात शिरत नाहीये. काकांनी मला बोलायला सांगितलं. मी चारदा लिहायला बसले, चारदा उठले. म्हणून हातात कागद नाही. दोन आठवडे झाले, मला एका जागी बसवतच नाही. बोलताना मध्येच थांबले तर सांभाळून घ्या.

सुनंदामावशी माझी सख्खी मावशी नव्हती. नागपूरहून नोकरीसाठी आले तेव्हा पहिले तीन महिने मी तिच्या आणि काकांच्याच घरी, वरच्या खोलीत राहिले. तेव्हापासून ती मावशी.

त्यांची अदिती कॉलेजला गेली, घर रिकामं झालं, आणि मावशीने शाळेच्या कॅफेटेरियात काम धरलं. काका, तुम्हाला ते आवडलं नव्हतं. नव्हतं ना? पण तिथे तिला अँजेला भेटली. अँजेलाचं माहेर न्यू ऑर्लिन्सचं, तिचे पणजोबा सिसिलीहून आलेले. एकदा तिने डब्यात पास्ता आणला होता, वर भाजलेल्या पावाचा चुरा. यात मांस आहे का, असं मावशीने विचारलं. नाही, हा सेंट जोसेफच्या सणाचा, त्या दिवशी आम्ही मांस शिजवत नाही, अँजेलाने सांगितलं. जोसेफ सुतार होता, आणि हा चुरा म्हणजे त्याच्या रंध्याखालचा भुसा.

मी तेव्हा तिच्याकडेच राहत होते. मावशी घरी आली ती तडक वर माझ्या खोलीत. म्हणाली, "अगं, यांच्याकडेही नैवेद्य असतो."

पुढच्या मार्चमध्ये तिने मला गाडी काढायला लावली. सहा तासांचा ड्राइव्ह. न्यू ऑर्लिन्सला अँजेलाची आत्या राहायची, रोझी. वय ऐंशीच्या घरात. पुढच्या खोलीत तीन पायऱ्यांची मांडणी, तिच्यावर शिडीच्या आणि हातोडीच्या आकाराचे पाव, अंजिराच्या वड्या, घरातल्या गेलेल्या माणसांचे फोटो. दार सताड उघडं. रस्त्यावरचं कुणीही आत यावं आणि जेवून जावं. मावशी तीन दिवस रोझीच्या ओट्यापासून हलली नाही. त्यांच्या टोमॅटोच्या सॉसला तिथे रेड ग्रेव्ही म्हणतात. ती मावशीने वहीत मराठीत उतरवून घेतली. मग बाकीचं सगळंही.

त्यानंतर ती थांबलीच नाही. अदितीला भेटायला फिलाडेल्फियाला गेली, तरी लक्ष तिथल्या इटालियन बाजारात. अँजेलाच्या नातेवाइकांचे पत्ते पर्समध्ये. प्रॉव्हिडन्स, न्यू हेवन, सेंट लुइस. कुणाच्याही स्वयंपाकघरात शिरायची आणि विचारायची, तुमच्या आजी हे कसं करायच्या?

आणि आपण? गणपतीच्या पॉटलकला सगळे घरून एकेक पदार्थ आणतात; तिने पास्ता आणला तेव्हा आपण हसलो. मीही हसले. म्हटलं, मावशी, आपल्याकडे काय कमी आहे म्हणून तू या लोकांच्या ग्रेव्हीमागे धावतेस? तिने माझी प्लेट भरली आणि पुढच्या माणसाकडे गेली.

मग दोन हजार पाचच्या ऑगस्टमधलं ते वादळ. रोझीचं घर छतापर्यंत पाण्यात. आईच्या हातच्या रेसिपींची कार्डं एका पत्र्याच्या डब्यात होती, त्यांचा लगदा झाला. रोझीला बॅटन रूजला पुतण्याकडे हलवलं. अँजेला सांगायची की ती बोलत नाही, जेवत नाही, खिडकीशी बसून असते.

मावशीने वही घेतली. मी परत स्टिअरिंगवर.

रोझीसमोर बसून मावशी रेड ग्रेव्हीचं पान वाचायला लागली. मराठीत बघायची आणि इंग्रजीत सांगायची. टोमॅटोची पेस्ट तेलात काळपट होईपर्यंत परतायची. लसूण. बडीशेप. रोझी खिडकीबाहेर बघत होती. मावशी पुढे म्हणाली, दोन चमचे साखर. आणि रोझीची मान वळली.

"साखर? माझ्या आईने आयुष्यात कधी त्यात साखर घातली नाही."

मावशी म्हणाली, मग कदाचित मी चुकीचं लिहून घेतलं असेल, तुम्हीच दाखवा. पंधरा मिनिटांनी रोझी ओट्यापाशी उभी होती आणि पुतण्याच्या बायकोला कांदा बारीक चिरला नाही म्हणून बोलत होती. त्या दुपारी ती जेवली.

परत येताना मी मावशीला विचारलं, तू एवढी कशी चुकलीस? ती रस्त्याकडे बघत म्हणाली, "वहीत साखर नाहीच आहे."

मित्रांनो, रोझीचं घर आता परत उभं राहिलंय. या मार्चमध्ये तिथे पहिल्यांदा पुन्हा ती मांडणी होणार आहे. मावशीला जायचंच होतं. आणि मी, मी तिला फोनवर सांगितलं, मावशी, माझं ऑफिसात सॉफ्टवेअरचं रिलीज आहे, यंदा कॅन्सल करू या, पुढच्या वर्षी नक्की. ती म्हणाली, तू काम कर, मी बसने जाईन. ओरडली असती तर बरं झालं असतं. दहाव्या दिवशी सकाळी काकांचा फोन आला. झोपेतच गेली म्हणाले.

पुढच्या वर्षी. किती सहज म्हणतो आपण हे?

परवा अँजेला भेटून गेली. रोझीने मावशीचा फोटो मागितलाय, वरच्या पायरीवर ठेवायला, तिच्या आईच्या शेजारी. मी काकांना विचारलं, फोटो कुरिअर करू का? काका इतक्या वर्षांत एकदाही तिकडे आले नव्हते. ते म्हणाले, "कुरिअर नको. मी घेऊन जातो. तू ड्राइव्ह कर."

मी रजा टाकली आहे. सतरा मार्चला सकाळी सहाला निघतोय. अदिती येतेय. गाडीत अजून दोघांची जागा आहे. कुणाला यायचं असेल तर जाताना मला सांगा.

मावशी, तुला माझा नमस्कार.

आता तिच्यासाठी आपण सगळे एक मिनिट उभे राहू या.